समुद्राकाठच्या न पेटलेल्या चुली

रायगडच्या किनाऱ्यावर जाऊन आलो असं सांगितलं की लोक विचारतात, किल्ला पाहिला का, मासे खाल्ले का, पाण्यात उतरलात का. मी सांगतो, फायरप्लेस बघितल्या. मग समोरचा माणूस जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघतो आणि विषय बदलतो. बायको गेल्यापासून माझ्याशी बोलताना लोक विषय फार लवकर बदलतात, त्यामुळे आता मला त्याचं काही वाटत नाही.

पण मी गेलो होतो ते खरोखर त्यासाठीच. आम्ही वाईचे. आमच्याकडे थंडी येते ती पाचगणीवरून उतरून. वर पाचगणीत साहेबांच्या वेळचे बंगले आहेत, आणि त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीत शेकोटीसाठी कोनाडा, त्याच्याभोवती लाकडाची नाहीतर दगडाची नक्षीदार चौकट आणि वर एक रुंद फळी असते. त्या चौकटीला मँटल म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं. माझी बायको सुनंदा पाचगणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि या चौकटींचं तिला वेडच होतं. मी बांधकाम खात्यातला. आम्ही कुणाच्या बंगल्यात गेलो की मी वाकून धुराडं नीट ओढतं का ते बघायचो आणि ती पानाफुलांवरून बोट फिरवत बसायची. "तुम्ही धूर बघा, मी वेल बघते," असं म्हणायची. आमचा संसार बराचसा याच वाटणीवर चालला.

अलिबागकडच्या जुन्या बंगल्यांतही अशा शेकोट्या आहेत, हे तिला एका विद्यार्थिनीच्या आईनं सांगितलं होतं. ती कितीतरी वेळ हसत होती. "अहो, जिथं पौषातही अंगाला घाम सुटतो तिथं कुणाला शेकायचं होतं? हे मला बघायचंच आहे." जाऊ, जाऊ म्हणत होतो. मग तिचं आजारपण आलं, आणि दोन वर्षांपूर्वी ती गेली.

यंदा दिवाळी झाली आणि मी एकटाच निघालो. निघण्यामागं आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. आमच्या मुलीचं, अश्विनीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे. आमच्या घराण्यात बायको नसलेला माणूस कन्यादानाला बसत नाही, ते जोडप्यानं करायचं असतं. धाकटा भाऊ श्रीकांत आपणहून म्हणाला, "दादा, मी आणि ही बसतो, तू काळजी करू नकोस." अश्विनी मात्र अडून बसली. "बाबा, बसायचं तर तुम्हीच. नाहीतर तो विधीच नको मला." खरं सांगायचं तर मला रूढीची फारशी पत्रास नाही. पण शेजारचा पाट रिकामा, समोर आपली मुलगी, आणि भोवती सगळं गाव बघतंय, हे मला पेलेल असं वाटेना. "परत आलो की सांगतो," म्हणालो आणि गाडी काढली.

सासवणे

पेण सोडलं आणि शेतांतून भाताच्या झोडणीची धूळ उडताना दिसायला लागली. आमच्याकडे या दिवसांत अंगात स्वेटर चढतो. इथं मी गाडीतच शर्टाची वरची दोन बटणं काढली.

सासवण्याचा बंगला मुंबईच्या एका व्यापारी कुटुंबाचा. मालक वर्षातून दोनदा येतात. एरवी नामदेव आणि त्याची बायको हिराबाई तो राखतात. मालकांना आधी फोन केला होता, त्यामुळे नामदेव फाटकाशीच उभा होता. फायरप्लेस बघायला एक माणूस एवढ्या लांबून आला यावर मात्र त्याचा विश्वास नव्हता. जागेच्या व्यवहारातला कुणी असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं आणि तो त्या बेतानंच जपून बोलत होता.

दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची चौकट होती. दोन्ही खांबांवरून द्राक्षाचा वेल वर चढला होता आणि मधोमध एक टोपली, फळांनी भरलेली. कोनाड्यात इन्व्हर्टर ठेवला होता. वरच्या फळीला दोन खिळे ठोकून हिराबाईनं पांढऱ्या कांद्याच्या उरलेल्या माळा टांगल्या होत्या आणि खरं सांगतो, त्या तिथं शोभत होत्या. द्राक्षांच्या शेजारी कांदे, दोन्ही पांढरेच.

मला राहवेना. इन्व्हर्टर बाजूला सरकवून मी गुडघ्यांवर बसलो आणि धुराड्यात डोकं घालून वर बघितलं.

"आत डोकं नका घालू सायेब," नामदेव म्हणाला, "वटवाघलं हायत."

हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, चष्म्यावर जे काय पडायचं ते पडलं. हिराबाई तोंडाला पदर लावून साबण आणायला गेली. विहिरीवर डोकं धुता धुता मी विचारलं, "ही कधी पेटवली होती का?"

"येकदाच. मालकांच्या पावण्यांनी, डिसंबरात," नामदेव म्हणाला. डोकं धुवून झाल्यावर त्याचा संशय गेला असावा, कारण आता तो मोकळा बोलत होता. "धूर समदा घरात. मान्सं भायेर पलाली, वटवाघलं भायेर पलाली. वटवाघलं परत आली. पावणं काय परत आलं न्हाय."

कोनाड्याची आतली बाजू मी पुन्हा जाऊन बघितली. पाचगणीत हा दगड काजळीनं काळा झालेला असतो, हात लावला की बोटं भरतात. इथं आतला चुन्याचा गिलावा तसाच होता, पांढरा. सुनंदाला हे सांगायला म्हणून मी मान वळवली, आणि मागं हिराबाई चहाचा कप घेऊन उभी होती. मला सुनंदाची फार आठवण आली. नक्षी बघणारं माणूसच बरोबर नाही तर मी नुसतं धुराडं बघून काय करणार होतो?

आतल्या खोलीत पूर्वी अशीच एक लाकडी चौकट होती, असं नामदेवनं सांगितलं. दुरुस्तीच्या वेळी मालकांनी ती काढून टाकली. "रेवदंड्याची कोलीन घेऊन गेली. टेंपोत घालून. कशाला, त्या बाईलाच म्हायती."

मी जरा जास्तच घाईनं उठलो. दुसरी चौकट जिवंत आहे म्हटल्यावर तिथं न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

रेवदंडा

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात पत्ता विचारावा लागला नाही. "बंगल्याची चूल" एवढं म्हणताच मासळीच्या वाळवणापलीकडचं एक घर तीनजणींनी एकदम दाखवलं.

घर हौसाताईंचं. साठीच्या असाव्यात. दोन मुलगे बोटीवर जातात आणि सुक्या मासळीचा धंदा त्या स्वतः बघतात. चौकट त्यांनी पुढच्या खोलीत भिंतीला ठोकली होती आणि मधल्या कोनाड्याच्या जागी टीव्ही बसवला होता. बसायला सांगायच्या आधीच मला तो रंग दिसला. खांब निळे, वेल हिरवा, द्राक्षं लालभडक, आणि कडांना पिवळी रेघ. वरच्या फळीवर ठळक अक्षरांत "आई एकवीरा".

"रंग कुणी दिला?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"मीच. बोटीचा उरला व्हता," हौसाताई म्हणाल्या. "लाकूड उगडं ठेवलं तं दर्याची हवा खाते त्याला. आता बोट टिकंल तवर ही टिकंल."

बांधकाम खात्यातल्या तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीनं मी नखानं रंग खरवडून बघितला. सुनंदा असती तर तिनं काय केलं असतं याचा मी विचार केला. पहिल्यांदा कपाळाला हात लावला असता, आणि मग दहा मिनिटांत ब्रश मागून घेऊन पिवळी रेघ सरळ करायला बसली असती.

जेवून जा म्हणाल्या. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि भाजलेला बांगडा. आमच्याकडे भाकरी ज्वारीची, तिला पीठ मळताना हात चालवावा लागतो. इथली उकड काढलेली, मऊ, तोंडात घालताच विरघळणारी. मी तिसरी घेतली तेव्हा त्यांनी विचारलं, "बायको न्हाय आनली?"

"नाही."

"म्हायेरी हाय?"

"नाही. ती गेली."

मग त्यांनी तव्यावरचा दुसरा बांगडा उचलून माझ्या ताटात ठेवला. "मंग तिच्या वाट्याचं बी तुमीच खावा."

परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. मी सगळं सांगून मोकळा झालो, अश्विनीचं लग्न, श्रीकांतचं म्हणणं, आणि मला बसायची भीती वाटते तेही.

"लगीन पोरीचं, आन् तुमी हितं चुली बगत फिरता?" त्या म्हणाल्या. मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या. "आमचा मरद दर्यावर असला तं आमी बायका येकल्या बसतो पूजेला. पूजा थांबते व्हय?"

"दर्यावरचा माणूस परत येतो, ताई."

"समदे न्हाय येत," त्या म्हणाल्या, आणि ताटात भात वाढला.

त्यांच्या नवऱ्याबद्दल मी विचारलं नाही. निघताना त्यांनीच आठवून सांगितलं, की ही चौकट ठोकायला आलेला सुतार म्हणाला होता, अशीच एक श्रीवर्धनला सुपारीवाल्या अप्पांच्या घरी आहे, तिचा पाय त्यानं बदलला होता. आणि वर बजावलं, "तिला रंग लावलेला नसंल तं सांगा त्यांना, लावा म्हनावं."

श्रीवर्धन

आगरदांड्याला गाडीसकट बोटीत चढलो, दिघीला उतरलो आणि दुपार कलता कलता श्रीवर्धनला पोचलो. गावात शिरलं की ऊन जातं. दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, उंच सरळ झाडं, खाली पाटाचं पाणी आणि ओल्या मातीचा वास. घरोघरच्या अंगणांत सुपारी वाळत पडलेली. चालताना पायाखाली येऊ नये म्हणून बघत चालावं लागतं.

अप्पांचं घर वाडीतच, कौलारू. अप्पा सत्तरीच्या आतबाहेरचे, बारीक चणीचे, बोलताना तोंडावरची सुरकुतीही न हलवणारे. मी येण्याचं कारण सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. "एवढी वर्षं कोणी आलं नाही याचंच मला आश्चर्य वाटत होतं," ते म्हणाले आणि मला माजघरात घेऊन गेले.

तिथं, पाचगणीत कुठल्याही बंगल्यात शोभावी अशी सागवानी चौकट होती. आतला कोनाडा मात्र जेमतेम हातभर खोल, आणि धुराड्याचा पत्ताच नाही. मी वाकून, चाचपून बघितलं.

"काही सापडायचं नाही," अप्पा म्हणाले. "माझे आजोबा सुपारी घेऊन मुंबईला जायचे. एका साहेबाच्या घरी त्यांना तासभर उभं ठेवलं. बसा म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ही वस्तू नीट बघून ठेवली. एक चित्र मिळवलं, इथल्या सुताराला दाखवलं आणि ही करून घेतली. मग रोज संध्याकाळी हिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे."

"शेकत?"

"पंख्यानं वारा घेत."

मी नक्षी बघायला लागलो. आजवर कधी स्वतःहून बघितली नव्हती, पण आता माझ्याशिवाय बघणार कोण? पानं साहेबाच्या देशातल्या ओकच्या झाडाची होती. कडेला गोल गोल खाचा असलेलं ते पान सुनंदानं मला इतक्या वेळा दाखवलं होतं की झोपेतही ओळखलं असतं. ओकचं फळ टोपी घातल्यासारखं असतं, हेही तिनंच शिकवलेलं. इथं टोपी होती, पण फळं एकेकटी नव्हती, देठाला घोसानं लटकली होती. मी अंगणात गेलो, एक हिरवी सुपारी उचलून आणली आणि चौकटीला लावून बघितली. चित्रातलं फळ त्या सुतारानं जन्मात बघितलेलं नसणार. टोपीवालं फळ म्हटल्यावर त्याला माहीत होतं ते एकच. पानं विलायती आणि फळ श्रीवर्धनी.

सुनंदानं हे बघायला हवं होतं. हे एवढंच मी त्या माजघरात मोठ्यानं म्हणालो. अप्पांनी ऐकलं. "आज राहा," म्हणाले. "उद्या आमच्याकडे तुळशीचं लग्न आहे. रात्री उशीर करत नाही आम्ही, नवरी फार वेळ उभी राहते म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांची सून मेधा सकाळपासून कामात होती. वृंदावनाला गेरू लावला, ऊस बांधले, चिंचा-आवळे मांडले. जेवायला वालाचं बिरडं होतं, नारळाच्या रसातलं, आणि केळफुलाची भाजी. आमच्याकडे तुळशीचं लग्न म्हणजे अर्ध्या तासाचं काम. इथं खरोखरीचं लग्न असल्यासारखी घाई होती, आणि मी आपला पाहुणा म्हणून अक्षता निवडत बसलो होतो.

दिवेलागणीला गुरुजी आले. वृंदावनासमोर दोन पाट मांडले होते. अप्पा सोवळं नेसून बाहेर आले, माजघरात जाऊन चौकटीच्या फळीवरून त्यांनी काहीतरी उचललं आणि कमरेला खोचलं. ती सोललेली सुपारी होती. मग ते एका पाटावर बसले आणि दुसरा तसाच राहिला. ही चाल मला माहीत होती. बायको गावाला गेली असेल तर नवरा तिच्या नावाची सुपारी कमरेला लावून पूजेला बसतो. वहिनी मुंबईला वगैरे गेल्या असतील, असं मी धरून चाललो. घरात हार घातलेला फोटो कुठंच नव्हता.

अप्पांनी तुळशीचं कन्यादान केलं. पोरीचा हात हातात द्यावा तसा तुळशीच्या फांदीला हात लावून त्यांनी पाणी सोडलं. अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या. मी इतक्या लग्नांना गेलो आहे, पण या वेळी माझी नजर नवरीवर नव्हती, त्या दुसऱ्या पाटावर होती. तो मला रिकामा वाटत नव्हता. का ते तेव्हा कळलं नाही.

गूळपोहे खाताना मी सहज विचारलं, "वहिनी गावाला गेल्यात का?"

"हो, गेली," अप्पा म्हणाले. "सहा वर्षं झाली."

मी विचारलं, "मग हे चालतं?"

"गुरुजी पहिल्या वर्षी नाही म्हणाले. सुपारी गावाला गेलेल्या बायकोची लावतात, देवाघरी गेलेल्या बायकोची नव्हे. मी म्हटलं, गुरुजी, दोन्ही अंतरं तुम्ही मोजून आलात का?"

"मग?"

"मग काय. मंगलाष्टकं सुरू केली त्यांनी."

मेधा आतून म्हणाली, "काका, ती सुपारी वर्षभर त्या फळीवरच असते. झाडताना आम्ही उचलून पुन्हा तिथंच ठेवतो."

"देव्हाऱ्यात नाही ठेवत?" मी विचारलं.

"देव्हाऱ्यात ठेवली तर तिला चोवीस तास सोवळ्यात राहावं लागेल," अप्पा म्हणाले. "तिला ते कधीच जमलं नाही. दुपारी सगळं आवरलं की ती या फळीला टेकून उभ्या उभ्या पेपर वाचायची. बस म्हटलं तरी बसायची नाही." एवढं बोलून त्यांनी पोह्यांची वाटी खाली ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. त्या घरात धूर नव्हता, तरी मलाही चष्मा पुसावा लागला.

सकाळी निघण्याआधी मी त्यांच्याकडे एक सुपारी मागितली.

"देतो कसली? तुमची तुम्ही निवडायची," ते म्हणाले. "कानाशी धरून हलवा. पुरती वाळलेली असली तर आत वाजते."

मी अंगणात उकिडवा बसलो आणि एकेक उचलून कानाशी हलवायला लागलो. काही मुक्या होत्या, काही खुळखुळायच्या. वाजणाऱ्या बाजूला काढल्या तर त्यांचाच ढीग झाला. त्यातली एक निवडायची म्हणजे कुठली? मी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसलो. ऊन पायरीवर आलं, मेधा चहा ठेवून गेली, तो निवला. अप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

"वाजतात सगळ्या सारख्याच," ते म्हणाले. "शेवटी एक घ्यावी लागते."

मी हातातली त्यांना दिली. त्यांनी ती तिथंच सोलून माझ्या तळहातावर ठेवली. लगेच कमरेला खोचून बघितली, तर पँटमधून सरळ खाली घसरून बुटात गेली. मेधा हसली, अप्पांच्या चेहऱ्यावरही पहिल्यांदाच काहीतरी हललं. बूट काढून मी सुपारी खिशात टाकली आणि अश्विनीला फोन लावला.

"श्रीकांतकाकाला सांग, त्या दोघांनी येऊन नीट जेवावं फक्त. आणि मला एक सोवळं आण, कमरेला घट्ट बसणारं."

"म्हणजे तुम्ही बसताय?" ती म्हणाली. "बाबा, एकटे?"

मी तिला सुपारीचं सांगितलं, अप्पांचं सांगितलं, गुरुजींना काय ऐकवलं तेही. वाडीत कुठंतरी पंप सुरू झाला होता.

"मग दोन पाट मांडायचे," ती म्हणाली.

"दोन."

"आईच्या पाटावर तिची साडी ठेवते. कुठली काढू?"

आमच्या घरात साडीच्या बाबतीत माझं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"मोरपंखी," मी म्हणालो. "काठ एका जागी उसवलाय, तेवढा शिवून घे."